नमद्याच्या पोटातली लोकर

बुर्माकानने आपल्या पोटुशी सुनेला लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून दरीत ढकलून दिलं, ही बातमी सारी-बेलच्या कुरणावर चहाला आधण येण्याच्या आत पसरली. सांगणारी शारकान. ती पलीकडच्या कड्यावर राहते आणि मेंढ्यांवर नजर ठेवायला घेतलेली दुर्बीण दिवसभर माणसांवर ठेवते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: पांढरं गाठोडं कड्यावरून खाली चाललंय, आणि वर सासू हातात चाकू घेऊन ओरडतेय. दुर्बिणीतून दिसतं, ऐकू येत नाही. शारकानचा सगळा संसार या एका उणिवेवर चाललेला आहे.

तर खरं काय ते सांगून टाकू. सून ढकललेली नव्हती, दोरांनी खाली उतरवली होती. आणि त्या सकाळी कड्यावर जमलेल्यांत ‘असं उतरवू नका’ म्हणून छाती पिटणारी एकटी बुर्माकानच होती.

आता बुर्माकान एखाद्या गोष्टीला घाबरली, यात नवल ते काय? ती पुलाआधी घोड्यावरून उतरते आणि घोड्यालाही हाताला धरून नेल्यासारखी पलीकडे नेते. ढग गडगडले की चूल विझवते. कुत्रा भुंकला तर लांडगा आला म्हणते आणि भुंकला नाही तर लांडग्याने कुत्रा खाल्ला म्हणते. आमच्याकडे सकाळी हवामान विचारायची पद्धत नाही, ‘बुर्माकान आज कशाला घाबरलीय?’ असं विचारतात. हसतात सगळे, पण तिच्या तोंडावर फार नाही. कारण तिचा नवरा एका हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घोडा घालायला निघाला, तेव्हा ती काठावरून ‘नको, नको’ म्हणत राहिली आणि तो हसत पुढे गेला. बर्फ फुटला. तेव्हापासून कुणी हसत पुढे निघालं की ती ‘नको, नको’ म्हणायला लागते.

या सगळ्या भयांच्या खाली तिचं एक खास भय होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते घरात गाद्यांच्या चळतीवर सगळ्यांत वर घडी घालून ठेवलेलं असायचं. पांढरा नमदा. लोकर मळून सुनेसाठी केलेलं जाड अंथरूण.

असा नमदा अख्ख्या कुरणावर नव्हता. दुधावरच्या सायीसारखा पांढरा, आणि हात फिरवला की कोकराच्या पाठीवरून फिरवल्यासारखा. पण बुर्माकान त्याच्यावर कुणाला बसू देत नसे. पाहुणा आला की दुसरा नमदा अंथरायची. कुणी कोपरा चिमटीत धरून पाहायला गेलं की हातात चहाची वाटी द्यायची, म्हणजे हात अडकायचे. लोक म्हणाले, बाई कंजूष आहे. ती ऐकून घ्यायची. कंजूष म्हटलेलं तिला परवडत होतं.

गोष्ट अशी होती. नमद्याला शरदात कातरलेली लोकर लागते. ती बारीक असते, कुरळी असते. वर कढत पाणी शिंपडून गुंडाळली, लाटली, कोपरांनी मळली की एकेक तंतू शेजाऱ्याच्या केसांत बोटं घालावीत तसा दुसऱ्यात शिरतो आणि मग कुणाच्या बापाला सुटत नाही. वसंतातली लोकर लांब, सरळ आणि मानी. शेजारी निजवली तरी ती कुणाचा हात धरत नाही. तिचे दोर छान होतात. नमद्यात ती घालणं म्हणजे फसवणूक.

मुलाचं, कुबानचं, लग्न ठरलं त्या वर्षी बुर्माकानकडे शरदातली लोकर भरपूर होती. पण चोर नेतील म्हणून तिने ती तबेल्याच्या फळ्यांखाली लपवली. चोर आले नाहीत, ओल आली. अर्धी लोकर कुजली. आता सून येणार, बायका नमदा करायला जमणार, आणि लोकर अर्धीच. तिची झोप उडाली. शेवटी तिने काय केलं? आपल्याकडे नमद्याची लोकर कुणी एकटं अंथरत नाही, सगळ्या बायका मिळून थरावर थर देतात, गाणी म्हणतात, एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल करतात. बुर्माकानने उजाडताच एकटीनेच काड्यांच्या चटईवर खालचा थर दिला, त्यावर मधला, आणि वर चादर टाकली. बायका आल्या तर म्हणाली, “पाऊस येईल असं वाटलं गं, म्हणून सुरुवात केली.” आकाश निरभ्र. बायका खो खो हसल्या आणि वरचा थर टाकायला बसल्या. तो त्यांनी कोकराच्या लोकरीचा टाकला. पोटात काय आहे, ते पोटातच राहिलं.

नमदा झाला देखणा. पण चिमटीत धरून ओढला, तर वरचा आणि खालचा पापुद्रा एकमेकांवरून सरकायचे, म्हाताऱ्या कुत्र्याच्या मानेचं कातडं सरकतं तसे. हे फक्त तिला माहीत. हा नमदा सुनेच्या माहेरच्यांसमोर तिने स्वतः उलगडून दाखवला होता, त्यांनी त्यावर आशीर्वाद दिला होता, आणि त्या दिवसापासून नमदा फाटला, उघडा पडला, माहेरचे घोड्यांवरून उतरले, असं स्वप्न ती पाहत होती.

मग आली ती सकाळ.

सून बेगाइम हिचे दिवस भरायला अजून अवकाश होता. बुर्माकान आठवडाभर तिच्या मागे लागली होती, “खाली गावात जा गं, पाऊस थांबत नाहीये, रस्ता जाईल.” बेगाइम पोरगी हसरी, सासूला आपा म्हणजे आईच म्हणणारी. ती म्हणाली, “आपा, तुमच्या हिशेबाने रस्ता रोजच जातो.” आणि त्या रात्री रस्ता खरंच गेला. ओढ्याच्या वळणावरची डोंगराची बाजू चिखल होऊन खाली घसरली आणि घोड्याची वाट बरोबर घेऊन गेली. सकाळी बेगाइमला कळा सुरू झाल्या.

बुर्माकानच्या दिराची, जोलदोशची, बायको सोनुन हिने आमच्यात बरीच बाळंतपणं केलेली. तिने पोटावर हात ठेवला, फिरवला, पुन्हा ठेवला. तिचा चेहरा उतरला. ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, “बाळ आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही.”

कुबान टेकडीवर घोडा दामटत गेला. तिथेच फोन लागतो. दवाखान्याची गाडी नदीच्या पात्रातून वर आली, पण कोसळलेल्या कड्याच्या पायथ्याशी थांबली. पुढे चाकांना जागाच नव्हती. खाली गाडी, गाडीपाशी परिचारिका, वर बेगाइम, आणि मध्ये तीनेक घरं एकावर एक रचावीत एवढा ओल्या मातीचा नि दगडांचा उभा कडा. परिचारिका खालून हात तोंडाभोवती धरून ओरडली, “आणा लवकर! वेळ घालवू नका!”

जोलदोशने सूत्रं हातात घेतली. हा बुर्माकानच्या नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ, म्हणजे दीर, म्हणजे भावजयीची थट्टा करायचा त्याला जन्मजात परवाना. माणूस कामाचा, पण आवाज असा की मेंढ्या उगाच कळप करतात. बुर्माकान त्याला ‘ढोल’ म्हणते. आमच्यात सासरच्या पुरुषांचं नाव सून कधी तोंडाने घेत नाही. काहीतरी टोपणनाव ठेवते आणि आयुष्यभर त्यावरच भागवते. लग्न होऊन आल्यापासून तिने ‘जोलदोश’ हा शब्द उच्चारलेला नव्हता. बाजारात दुसरा कुणी जोलदोश भेटला तरी त्यालाही ती ‘अहो, तुम्ही’ म्हणायची.

“नमद्यात घालून उतरवू,” जोलदोश म्हणाला. “चार कोपरे, चार दोर. माझ्या बापाचा पाय मोडला तेव्हा असाच आणला होता.”

“कुठला नमदा?” कुबानने विचारलं. आमची घरं जाळीच्या भिंतींवर नमदे घालूनच उभी करतात. “घरांवरचे सगळे भिजून दगड झालेत. ते काढायचे, पिळायचे, एवढा वेळ...”

सगळ्यांच्या माना एकाच वेळी बुर्माकानच्या घराकडे वळल्या. कोरडा, हलका, नवा, मोठा. गाद्यांच्या चळतीवर.

“अरे, जेंगेचा पांढरा आहे की!” जोलदोश म्हणाला. जेंगे म्हणजे आमच्याकडे भावजय. “आणा तो. सुनेसाठीच केलाय, सुनेलाच उपयोगी पडू दे.”

बुर्माकान पुढे आली. ती म्हणाली, “तो नको.”

“का?”

“तो धरणार नाही.”

जोलदोश हसला. त्या परिस्थितीतही त्याला हसू आलं. “जेंगे, तुम्हाला पूल धरत नाही, बर्फ धरत नाही, आमचा घोडा धरत नाही. आता तुमचा नमदाही धरत नाही का?”

“मी खरं सांगतेय, ढोल, तो...”

“रक्ताने खराब होईल म्हणून जीव तुटतोय,” सोनुन पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “अगं बाई, नमदा धुता येतो.”

तेवढ्यात आतून बेगाइम किंचाळली, आणि मग कळ ओसरल्यावर तिचा बारीक आवाज आला, “आपा, मला द्यायचा नाहीये का तो?”

हे बुर्माकानच्या वर्मी लागलं. पोरीला वाटत होतं, सासूला नमदा प्यारा आहे. गप्प बसलं असतं, तर लाज वाचत होती. नमदा चांगला आहे असं सगळे म्हणतच होते. चांगलाच असेल, कोण जाणे, धरेलही. दोन वर्षं कुठे फाटला? तिच्या मनाने हे सगळं डोळे मिटायच्या आत तिला सांगून टाकलं. त्याच वेळी तिला नदीचा काठ दिसला आणि हसत पुढे जाणाऱ्या माणसाची पाठ.

कुबानने एव्हाना नमदा बाहेर आणून उलगडला होता. जोलदोश कोपऱ्याला दोर बांधत होता.

“जोलदोश!”

दोर त्याच्या हातातच राहिला. बाईने दिराचं नाव घेतलं होतं, ते ओरडून, चार लोकांत. कुबानने आईकडे पाहिलं ते जणू ती कपडे टाकून उभी आहे असं. आणि बुर्माकानने चुलीपाशी पडलेला मांस कापायचा चाकू उचलला, नमद्याच्या कडेवर गुडघे टेकले आणि तो आरपार घातला. हातभर चिरला. लग्नाचा नमदा सुरीने चिरणं म्हणजे अपशकुनाला घरी जेवायला बोलावणं; सोनुनने तोंडावर हात मारून घेतला.

बुर्माकानने चिरेच्या दोन्ही कडा फाकवल्या. वर पांढरं, खाली पांढरं, आणि मध्ये भुरकट, लांब, सरळ लोकर. बोट लावताच पिंजलेल्या गवतासारखी बाहेर आली.

“वसंतातली आहे,” ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. “मी घातली. मीच. आता कळलं?”

जोलदोशने ती लोकर चिमटीत घेतली, ओढली. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “जेंगे, काय केलंत हे?”

“ते नंतर विचार. शिव्या पण नंतर दे.”

“पण आता दुसरा नमदा कुठून आणायचा?”

खालून परिचारिका पुन्हा ओरडली. बेगाइमचा आवाज मात्र येत नव्हता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

बुर्माकान उठली. तिला काही योजना सुचली होती असं म्हणणं बरोबर नाही. तिला फक्त काय काय तुटेल हे एकामागून एक दिसत होतं, नेहमीसारखंच, आणि जे तुटेल त्याखाली काहीतरी घालायचं एवढंच ती करत होती. “एकट्या नमद्यावर भार द्यायचा नाही,” ती म्हणाली. “आत मऊ म्हणून नमदा. बाहेरून काड्यांची चटई, काड्या अंगाच्या लांबीने, म्हणजे पाठ वाकणार नाही. आणि त्या सगळ्याखालून विणलेले पट्टे. ओझं पट्ट्यांनी घ्यायचं.”

“पट्टे कुठले?”

तिने आपल्या घराकडे बोट दाखवलं. आमच्या घरांच्या जाळीच्या भिंतींना बाहेरून एक रुंद विणलेला पट्टा आवळलेला असतो. तो आहे म्हणून घर उभं आहे. तो काढला की भिंती बाहेर फाकतात.

“घर बसेल, आपा,” कुबान म्हणाला.

“बसू दे.”

तोवर सोनुनने बेगाइमला बाहेर आणून निजवलं होतं. कुबान पुढे होईना म्हणून बुर्माकाननेच गाठीवर चाकू चालवला. पट्टा सुटला. घराने एक लांब उसासा टाकला, भिंती पसरल्या, छताच्या काठ्या एकेक करून निखळल्या आणि भिजलेले नमदे धप्पकन खाली आले. आत तिचा कढईभर बॉर्सोक, तळलेल्या कणकेचे तुकडे, नुकताच काढून ठेवलेला होता. तोही गेला.

पट्टा कापून दोन केले. बेगाइमला बांधताना सोनुन म्हणाली, “पोटावर पट्टा आवळायचा नाही हं. खांद्याखाली एक, मांड्यांखाली एक. मध्ये नुसता नमदाच.” म्हणजे पुन्हा नमदाच. डोक्याकडचे त्याचे दोन कोपरे दोराला आवळले, आणि चाकूने पडलेली चीर नेमकी त्याच बाजूला. बुर्माकानने ते पाहिलं. बाजू फिरवायला वेळ नव्हता. बेगाइमचे ओठ निळसर झाले होते.

“आपा,” बेगाइम म्हणाली, “पकडा मला.”

“पकडलंय गं.”

पुरुषांनी दोर कमरेभोवती घेतले आणि टाचा मातीत रोवल्या. गाठोडं काठावरून सरकलं. बुर्माकान काठावर पालथी पडली होती, मान खाली घालून, हातात चाकू तसाच. तो टाकून द्यायचं तिला सुचलंच नव्हतं. ती “हळू, हळू” ओरडत होती. शारकानने दुर्बिणीतून जे पाहिलं ते हेच.

अर्ध्यावर आल्यावर खांद्याखालचा पट्टा एका दगडाच्या चोचीत अडकला. गाठोडं मात्र खाली चाललंच होतं. पट्टा सैल झाला आणि बेगाइमचा वरचा सगळा भार नमद्याच्या दोन कोपऱ्यांवर आला.

चांगला नमदा ओढला की आधी लाडात येतो, देतो, लांबतो. मग एका जागी येऊन हट्ट धरतो, कारण आतले वाकडेतिकडे तंतू ओढीच्या दिशेने रांगेत उभे राहतात आणि सगळे मिळून ओढायला लागतात. बुर्माकानने आयुष्यभर नमदे मळले होते. हे तिच्या हातांना ठाऊक होतं. आता तिचा नमदा लांबत होता. लांबतच होता. तिला वरून दिसत होतं, वरचा पापुद्रा खालच्यावरून सरकतोय. बेगाइम वीतभर खाली घसरली आणि किंचाळली. चाकूची चीर उघडली. आधी डोळा उघडावा तशी, मग तोंड उघडावं तशी. विणलेलं कापड असतं तर त्या चिरेतून टर्रकन शेवटपर्यंत गेलं असतं.

“थांबा!” ती ओरडली. “सोडू नका, ओढू नका, थांबा!”

या वेळी कुणी हसलं नाही. सगळे थांबले.

चीर गोल झाली. तिच्या टोकाशी तंतू ओढीकडे वळले, एकमेकांना घट्ट धरून दाटले, आणि तिथे तो नमदा पांढऱ्या दोरासारखा दिसायला लागला. भुरकट लोकर तिच्यातून लोंबत होती, जणू त्याची आतडी. ती काहीच धरत नव्हती. जे धरत होतं ते वर आणि खाली बायकांनी मळलेलं होतं. बुर्माकान त्या एका जागेकडे पाहत राहिली. श्वास घेतला तर ती जागा सुटेल असं तिला वाटत होतं, म्हणून तिने तोही घेतला नाही.

कुबान दोराला लोंबकळून खाली गेला, दगडाच्या चोचीतून पट्टा सोडवला, आणि पट्ट्याने पुन्हा भार घेतला.

बेगाइम खाली पोचली. गाडीचं दार बंद झालं, गाडी पाण्यातून धडधडत गेली. बुर्माकान काठावरून उठली नाही. सोनुनने तिच्या हातातला चाकू बोटं एकेक करून सोडवून काढून घेतला. संध्याकाळी टेकडीवरून फोन लागला तेव्हा कळलं: पोट उघडून बाळ काढलं, मुलगी आहे, दोघी जिवंत आहेत. ती बातमी ऐकूनही बुर्माकानचे दात वाजणं थांबेना. जोलदोशने तिच्या खांद्यावर आपला कोट टाकला आणि बरंच काही म्हणायचं होतं ते गिळून म्हणाला, “जेंगे, मला पुन्हा ढोल म्हणा. नावाने हाक मारलीत की मेल्यासारखं वाटतं.”

त्या रात्री ती त्यांच्याच घरी झोपली. स्वतःचं घर तर चिखलात पसरलेलं होतं. झोपली म्हणजे पडून राहिली. नमद्याच्या पोटातलं आता सगळ्या कुरणाला कळलं होतं, सुनेच्या माहेरी कळायला फार तर एखादा घोडा लागेल, आणि ज्या भीतीपायी तिने हे सगळं झाकलं होतं, ती उघड्यावर येऊनही तशीच्या तशी होती. काही दिवसांनी माहेरचे आले. बोलले. बरंच बोलले. बेगाइमच्या आईने नातीला मांडीवर घेतलं आणि नमदा पाहायला मागितला. बुर्माकानने तो चीर पडलेला, ताणून वाकडा झालेला तसाच समोर ठेवला. त्या बाईने चिरेत दोन बोटं घातली, भुरकट लोकर चिवडली, आणि काही न बोलता नमदा घडी करून ठेवला. बुर्माकानला शिव्या पचल्या असत्या. ते गप्प राहणं तिला आजही पचलेलं नाही.

शारकान मात्र शरद येईपर्यंत आपली गोष्ट सोडेना. लोकर कातरायला सगळे खाली जमले, बायका लोकर झोडपायला बसल्या, बुर्माकानही होती, आणि बेगाइम पाळणा हलवत शेजारी. शारकानने काठी थांबवली आणि गोड आवाजात विचारलं, “बुर्माकान, आता आपसांतच आहोत. खरं सांग गं. सुनेला ढकलायला निघाली होतीस की नाही? मी डोळ्यांनी पाहिलंय.”

बुर्माकानने लोकरीतून मान वर केली नाही.

“ढकलायचीच असती, तर मी गप्प बसले असते. नमदा चांगला आहे असं सगळे म्हणतच होते.”